यंत्राचा कान

हाशिबा ताइजोला सत्त्याहत्तरावं लागलं आणि त्याच्या लेकीने त्याला नवं टर्नटेबल पाठवलं. सत्त्याहत्तरावं म्हणजे आनंदाचं वर्ष. या वर्षी घरच्यांनी म्हाताऱ्याला जांभळी गादी द्यायची, फार तर जांभळा अंगरखा, आणि म्हाताऱ्याने फोटोपुरतं हसायचं. टर्नटेबल कुणी देत नाही. ताइजोला तर नाहीच नाही, कारण हाचिनोहेच्या बंदरामागच्या गल्लीत त्याचं 'कामोमे' नावाचं कॉफीघर आहे आणि तिथे लोक कॉफीपेक्षा त्याच्या जुन्या यंत्रावर रेकॉर्ड ऐकायला येतात. हे म्हणजे आचाऱ्याला वाढदिवसाला बाहेरचा डबा पाठवण्यासारखं झालं.

खोकं आलं तेव्हा ताइजोने वरचं नाव वाचलं, हाशिबा कोझुए, सेंदाई, आणि ते न उघडताच जिन्याखाली सरकवलं. मित्सुए, त्याची बायको, काउंटरमागे कप पुसत होती. तिने खोक्याकडे एकदा बघितलं आणि पुढचा कप उचलला. बापलेकीचं बोलणं बंद होऊन तीन वर्षं झाली होती, आणि या विषयावर नवऱ्याशी डोकं लावण्यात अर्थ नाही हे ती कधीच समजून चुकली होती.

त्या जुन्या यंत्राचा तोरा मात्र खरा होता. इंग्लंडात बनलेलं, जात्यासारखं जड, चालू करताना घसा खाकरल्यासारखा आवाज करणारं. तरुणपणी ताइजो मिसावाच्या अमेरिकन तळावर बँडमध्ये ट्रम्पेट वाजवायचा. त्या पोरांत त्याचा कान सगळ्यांत पक्का. पियानो नीट लावलेला नसला की बाकीचे आपली वाद्यं ताइजोच्या ट्रम्पेटवरून जुळवून घेत, इतका पक्का. पुढे पुढचे दात गेले, ट्रम्पेट सुटला, आणि मायदेशी निघालेल्या एका अधिकाऱ्याकडून त्याने हे यंत्र घेतलं. मग दुकान काढलं, लग्न केलं, मुलगी झाली. क्रम हाच, असं मित्सुए हसत सांगायची, आणि त्यात थोडी बोच असायची.

दुकानाचा नियम एकच. सुई रेकॉर्डवर असेपर्यंत बोलायचं नाही. काही हवं असेल तर काउंटरशी येऊन मित्सुएच्या कानात सांगायचं. बाजू संपली, सुई उचलली, की मग काय ते खोका, शिंका, गप्पा मारा. बाहेरच्या माणसाला हे विचित्र वाटतं. एका टोकियोच्या पाहुण्याने तर विचारलं होतं की इथे कुणी गेलंय का. पण नेहमीचे लोक या गप्प बसण्यालाच सरावले होते, आणि त्यातले निम्मे घरी बायको बोलते म्हणून इथे येत, असं दंतवैद्य उमेमोरी म्हणत असे. त्याची स्वतःची बायको फारच कमी बोलायची.

तीन वर्षांपूर्वी कोझुएने हा नियम मोडला होता. ती सेंदाईला पियानो जुळवायचं काम करते. बापाचा कान तिच्यात उतरला, असं ताइजो चारचौघांत सांगायचा तेव्हा त्याची छाती फुगायची. त्या दिवशी ती बऱ्याच काळाने घरी आलेली. दुकान भरलेलं, ताइजोने त्याची लाडकी रेकॉर्ड लावलेली, तळावरच्या दिवसांतली, ट्रम्पेटची संथ गाणी. पहिलं गाणं निम्म्यावर आलं आणि कोझुए सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "बाबा, उतरलंय."

सूर उतरलाय, एवढंच तिला म्हणायचं होतं. पण म्हाताऱ्या माणसाला, त्याच्याच दुकानात, त्याच्याच गिऱ्हाइकांसमोर हा शब्द ऐकवायचा म्हणजे काय होतं, हे पियानो शिकवत नाहीत. ताइजोने सुई उचलली. तो दाराकडे बोट दाखवून म्हणाला, "इथे बोलणाऱ्याला जागा नाही." कोझुएने कोट घेतला आणि गेली. मित्सुए तिच्यामागे स्टेशनपर्यंत गेली, पण समजूत काढायला नाही, रागवायला. बापाला चारचौघांत असं बोलतात का, आणि इतकी वर्षं रोज ऐकतेय मी, मला कधी काही कमी वाटलं नाही, तुझाच कान त्या सेंदाईच्या हवेने बिघडलाय. कोझुए फक्त म्हणाली, "आई, तुला खरंच ऐकू येत नाही का?" मित्सुए तशीच मागे फिरली. नंतर नववर्षाची कार्डं येत राहिली, आईला फोन येत राहिले. बापाचं नाव दोघी टाळत.

तर असं ते खोकं जिन्याखाली पडून राहिलं असतं, पण उमेमोरीला ते दिसलं. हा माणूस दातांपेक्षा यंत्रांची मासिकं जास्त वाचतो. खोक्यावरचं चित्र पाहून त्याचे डोळे चमकले. बाजू संपल्यावर त्याने विषय काढलाच. आजकालच्या यंत्रांना घड्याळासारखी मोटर असते, केसाएवढाही फरक पडत नाही, पट्टा नाही, रबराचं चाक नाही, गुरगुर नाही. जुन्याला मान द्यायचा तो देऊ, पण विज्ञान काय झोपून राहिलं होतं का? त्यावर देगुची उसळला. देगुची म्हणजे माखळी पकडणाऱ्या मासेमारी बोटीवर जन्मभर इंजीन सांभाळलेला माणूस, आता निवृत्त. तो म्हणाला, जुनी मोटर कशी ओढते ते तुझ्या मासिकवाल्यांना काय कळणार. नवं यंत्र म्हणजे इस्पितळातलं जेवण, चूक काही नाही आणि चवही नाही. त्यांची अशी जुंपली की ताइजोलाही हसू आलं. मग उमेमोरी म्हणाला, भांडतो कशाला, ऐकूनच बघू की. दोन्ही यंत्रं पडद्याआड ठेवू, एकच रेकॉर्ड लावू, हात वर करून ठरवू. मास्टरकडे, म्हणजे ताइजोकडे, त्या ट्रम्पेटच्या रेकॉर्डच्या दोन प्रती आहेतच.

मित्सुएला वाटलं, ताइजो नाही म्हणेल. त्याने हातातली रेकॉर्ड पाकिटात सरकवली. मग म्हणाला, चालेल. पण अट आहे. जुनं हरलं, तर त्याच दिवशी दुकानाची पाटी काढतो. आणि जिंकलं, तर कोझुएने इथे यायचं आणि याच लोकांसमोर म्हणायचं की माझी चूक झाली.

दुकानात एकदम शांतता पसरली, तीही रेकॉर्ड न लावता. उमेमोरी पुटपुटला की मास्टर, मी आपलं गमतीने म्हटलं होतं. पण ताइजोने हात झटकला.

ही अट मुलीला सांगायचं काम अर्थातच मित्सुएवर आलं. तिला वाटलं होतं कोझुए चिडेल, फोन ठेवेल. तिने नीट ऐकून घेतलं. मग म्हणाली की तुमच्या त्या लोकांच्या हातांवर माझा विश्वास नाही, त्यांचे कान बाबांनीच घडवलेत. "आई, तू ऐक. तू मला सांग. तू म्हणालीस की मी चुकले, तर मी येईन आणि गुडघे टेकून माफी मागेन."

"मला कुठे काय कळतं त्यातलं," मित्सुए म्हणाली.

"म्हणूनच," कोझुए म्हणाली.

मित्सुएला त्या दिवसापासून झोप धड लागेना. एका बाजूला पाटी, एका बाजूला मुलगी. जुनं जिंकावं असं तिला वाटे, कारण दुकान गेलं तर हा माणूस करणार काय? वरच्या मजल्यावर बसून समुद्रपक्ष्यांना शिव्या देणार? आणि जुनं जिंकलं तर मुलगी येणार, पण मान खाली घालून. तशी मुलगी घरात येऊन काय उपयोग? आणि या सगळ्याचा निकाल तिने द्यायचा, जिला सा आणि रे यांतला फरकही खात्रीने सांगता येत नव्हता. तिला यायची ती कॉफी. कापडी गाळणीतून बारीक धारेने पाणी सोडत मोठं भांडं भरायचं, हे काम ती लग्नापासून करत आली होती. दुकानात घड्याळ नव्हतं, ताइजोला टिकटिक चालत नसे, म्हणून ती रेकॉर्डवरच कॉफी करायला शिकली. या ट्रम्पेटच्या रेकॉर्डचं पहिलं गाणं सुरू झालं की पाणी ओतायला घ्यायचं, दुसरं संपताना शेवटचे थेंब. अलीकडे मात्र तिचं जमत नव्हतं. कॉफी आधी व्हायची आणि ट्रम्पेट मागे रेंगाळत राहायचा. वय झालं की हात संथ होतात म्हणतात, माझा मेला भराभर कसा चालतो, असं तिला वाटायचं. कधी ती गाळणीच्या कापडाला दोष द्यायची, कधी भाजणाऱ्याला.

रविवारी दुपारी दुकान गच्च भरलं. बाहेर बर्फ आणि वारा, आत ओल्या कोटांचा वास. मित्सुएने गादीची जुनी खोळ उसवून पडदा केला होता. पडद्यामागे उमेमोरी दोन्ही यंत्रं सांभाळायला, आणि तो लबाडी करू नये म्हणून त्याच्यावर नजर ठेवायला देगुची. ताइजो सगळ्यांत पुढे, पडद्याकडे पाठ करून बसला. आवाज त्याच जुन्या स्पीकरमधून येणार होता. बदलायचं ते फक्त यंत्र.

पहिली रेकॉर्ड सुरू झाली. मित्सुएने सवयीने पाणी ओतायला घेतलं. एवढ्या माणसांना कॉफी लागणारच होती, आणि हाताला काम असलं की तिचा जीव थोडा थाऱ्यावर राहायचा. ट्रम्पेट आला तसा नेहमीचाच, खोल, उबदार, जणू घोंगडीत गुंडाळलेला. लोकांच्या माना डुलू लागल्या. दुसरं गाणं संपायच्या आतच तिचं भांडं भरलं आणि ती रिकामी केटली हातात धरून गाणं संपायची वाट पाहत उभी राहिली. रोजच्यासारखंच.

मग दुसरी. तिने गाळणी धुतली, नवी पूड घातली आणि पुन्हा ओतायला घेतलं. ट्रम्पेट आला. थोडा उजळ वाटला, थोडा तरतरीत, एवढंच तिला कळलं. पुढच्या बाकावरच्या कुणीतरी नाक मुरडलं. मित्सुए ओतत राहिली. दुसरं गाणं संपत आलं, शेवटचा लांब सूर लागला, आणि त्याच वेळी गाळणीतून शेवटचे थेंब पडले. सूर थांबला, थेंब थांबले.

लग्न झालं त्या वर्षी असंच जमायचं. मुलगी पोटात होती तेव्हाही, आणि ती काउंटरखाली बसून बाहुली खेळायची तेव्हाही. मित्सुएचा हात कधी चुकलाच नव्हता. जुनं यंत्र हळू चाललं होतं. मुलीने तीन वर्षांपूर्वी सांगितलं होतं ते अक्षरशः खरं होतं, आणि आईने तिला स्टेशनवर खोटं पाडून पाठवलं होतं. भांडं खाली ठेवताना बशा वाजल्या, पण सुई वर उचलली गेली होती, म्हणून कुणी वळून पाहिलं नाही.

हात वर झाले. पहिल्याला बहुतेक सगळे. दुसऱ्याला एक कॉलेजातली मुलगी, आणि तिनेही आजूबाजूला बघून हात खाली घेतला. लोक सांगू लागले. पहिल्यात ऊब आहे, भार आहे, माणूस आहे. दुसरा म्हणजे घाईत बस पकडायला निघालेला. ताइजो मागे वळून न बघता म्हणाला, पहिलं माझं. उमेमोरीने पडदा ओढला आणि मान खाली घातली. पहिलं जुनंच होतं. देगुचीने टेबलावर थाप मारली आणि म्हणाला की डॉक्टर, तुमच्या मासिकांची आता माखळी गुंडाळायला रद्दी करा. कॉफी फिरली, सगळ्यांनी वाखाणली.

ताइजो काउंटरशी आला. त्याच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता, हे मित्सुएच्या तेव्हाही लक्षात आलं. तो म्हणाला, "तिला फोन कर."

"उद्या करते," मित्सुए म्हणाली.

सोमवारी दुकान बंद असतं. ताइजो वर आंघोळीला गेला असताना ती खाली उतरली. जुन्या यंत्राच्या बाजूला एक बोटभर गोल बटण होतं, वेग जरा कमीजास्त करायचं. लग्न नवं असताना ती दोघं याला यंत्राचा कान म्हणत. हे बटण पुसायचं कामसुद्धा ताइजो स्वतः करायचा. तिने वाकून पाहिलं. ते एका टोकाला, आणखी फिरणार नाही इतकं पिळलेलं होतं. तिने ते मधल्या खुणेवर आणलं, रेकॉर्ड लावली आणि काउंटरला टेकून ऐकत राहिली.

जिन्यावर पावलं वाजली. ताइजो ओल्या केसांनी, खांद्यावर टॉवेल, धडपडत खाली आला. दाढ दुखत असल्यासारखा त्याचा चेहरा झाला होता.

"बंद कर ते," तो म्हणाला. "चढलंय."

"मी फक्त मधे आणलंय," मित्सुए म्हणाली.

तो जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसला. रेकॉर्ड चालूच होती. सुई उचलायचं दोघांनाही सुचलं नाही. मग तो सांगू लागला, आणि त्याचा आवाज गिऱ्हाइकांशी बोलतानाचा नव्हता. कान बिघडून बरीच वर्षं झाली. बहिरेपण नव्हे, ऐकू सगळं येतं, पण सगळं वर सरकलेलं. बोटींचे भोंगे, देवळातली घंटा, पोस्टाच्या गाडीचा हॉर्न. आधी वाटलं रेकॉर्डच खराब. मग एकेक दिवस यंत्राचा कान थोडा थोडा पिळत गेला, जोपर्यंत ट्रम्पेट पुन्हा ओळखीचा लागत नाही तोपर्यंत. यंत्राचा कान पिळता येतो. नव्याला तसा कानच नाही. ते घड्याळाचं ऐकतं, माणसाचं नाही. "बरोबर वेगाने लावलं की माझीच गाणी मला परकी वाटतात. तीन वेळा लावून बघितली. बसवलं नाही."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं," मित्सुए म्हणाली. "काल जिंकणार हे माहीत होतं. ती बरोबर आहे हेही माहीत होतं. आणि तिला गिऱ्हाइकांसमोर माफी मागायला बोलावत होता."

"हो."

"का?"

तो टॉवेलच्या टोकाशी चाळा करत राहिला. "मला वाटलं, एकदा ती चुकले म्हणाली, की मग माझं खरं होईल. तिचा कान माझाच आहे ना. तो जे म्हणेल ते खरं."

मित्सुएला आयुष्यात पहिल्यांदा या माणसाला मारावंसं वाटलं. तिने तसं सांगितलंही. म्हणाली की तुमच्या या कानापायी मी माझी मुलगी तीन वर्षं फोनवर ठेवली, तिच्या तोंडावर तिला खोटी म्हटलं, आणि तुम्ही पायरीवर बसून सांगताय की बसवलं नाही. मला का नाही सांगितलंत? एवढी वर्षं एका अंथरुणात झोपून मला का नाही सांगितलंत?

"तुला काय सांगणार?" ताइजो म्हणाला. "तुझा आवाजसुद्धा वर ऐकू येतो मला. तू हाक मारतेस आणि मला वाटतं, घरात दुसरीच कुणी बाई आलीय. मी वळून बघतो तेव्हा कळतं की तूच आहेस."

रेकॉर्डची बाजू संपली आणि सुई आतल्या गोलात खरखरत राहिली. शेवटी तिनेच जाऊन ती उचलली.

मग तिने फोन लावला. ताइजो उठून तिच्याजवळ येऊन उभा राहिला. तिने सरळ सांगितलं, "तू बरोबर होतीस. उतरलेलंच होतं. मी तुला स्टेशनवर बोलले ते मागे घेते." पलीकडे कोझुएने नाक ओढल्याचं ऐकू आलं आणि तिने विचारलं की बाबांना कळतंय का ते, की त्यांचा कान गेलाय?

मित्सुएने नवऱ्याकडे पाहिलं. त्याने मान हलवली. नाही, सांगू नको. हात जोडायचेच बाकी होते. बापाचं सगळं गेलं तरी चालेल, पण मुलीपुढे हा कान शाबूत राहायला हवा होता, कारण तिला दिलेली तेवढी एकच वस्तू त्याला अभिमानाने दाखवता येत होती. मित्सुएला त्याचा राग आला होता आणि अजून गेलाही नव्हता. तरीही ती म्हणाली, "कान नाही गं. मशीनच थकलंय. मोटर हळू झालीय."

अशा रीतीने जे यंत्र जिंकलं होतं तेच दोषी ठरलं. देगुचीला हे अजिबात पटलं नाही. आठवड्याने तो आला तर जुनं यंत्र चादरीत गुंडाळून माळ्यावर, आणि त्याच्या जागी ते पातळ, चकचकीत नवं. तो मित्सुएच्या कानाशी येऊन म्हणाला, "वहिनी, जिंकलेला पैलवान घरी पाठवला, हे कुठलं शास्त्र?" मित्सुएने मोटरचं सांगितलं. मोटर मी उघडतो, नवी गुंडाळी भरतो, आठ दिवसांत घोड्यासारखी पळेल, असं तो म्हणू लागला. ताइजो त्याच्याकडे न बघता म्हणाला, "राहू दे. त्याचं वय झालं." देगुची रुसून दोन आठवडे फिरकला नाही. टोकियोचे पाहुणेही कमी झाले. ती ऊब राहिली नाही, असं कुणीतरी कुठेतरी लिहिलं. उमेमोरी मात्र खूश होता आणि शहाण्यासारखा गप्प होता.

कोझुए वसंत लागता लागता आली. हातात जांभळी गादी, आईने सांगितली तशी. दुकानात बरेच जण होते, देगुचीसुद्धा, कोपऱ्यात, हाताची घडी घालून. बापलेक एकमेकांसमोर वाकले, जरा जास्तच, जसे परके वाकतात. ताइजोने गादी घेतली, आपल्या खुर्चीत ठेवली आणि तिच्यावर बसला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग त्याने उठून तीच ट्रम्पेटची रेकॉर्ड काढली, बाहीने पुसली आणि नव्या यंत्रावर ठेवली.

मित्सुए केटली हातात घेऊन त्याच्याकडे बघत होती. पहिला सूर लागला तेव्हा त्याचा जबडा आवळला गेला. बाकी कुणाच्या लक्षात येण्यासारखं नव्हतं. तो ताठ बसून राहिला, हात मांडीवर, परक्याच्या लग्नात बसल्यासारखा. कोझुएने डोळे मिटले होते. गाणं मध्यावर आलं तेव्हा तिने डोळे उघडले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "बाबा, आता बरोबर आहे."

दुकानातली डोकी वर झाली. ताइजोने दाराकडे बोट दाखवलं नाही. तो लेकीकडे बघून हसला आणि म्हणाला, "हो. अगदी बरोबर आहे." कोझुएचा चेहरा एवढा उजळला की मित्सुएला तिकडे बघवेना. तीन वर्षांनी मुलगी समोर होती, सूर जागेवर होता, सगळे खूश होते. आणि तिचा नवरा या भरल्या दुकानात एकटा बसून ओळखू न येणारं गाणं शेवटपर्यंत ऐकत होता. आता रोज तेच ऐकणार होता.

कॉफी झाली. मित्सुएने कप भरला आणि तो घेऊन त्याच्याजवळ गेली. रेकॉर्ड अजून चालू होती. ती त्याच्या कानाशी वाकली, आणि आवाज जेवढा खाली आणता येईल तेवढा खाली आणला, घशाच्या तळापर्यंत, म्हातारे कोळी बोलतात तसा. "अहो," ती म्हणाली. "मीच आहे. कॉफी घ्या."

ताइजोने चमकून वर पाहिलं. त्याने कप घेतला. त्याने तो दोन्ही हातांत धरून ठेवला आणि प्यायचं विसरला.

कोझुए शेजारीच होती, आणि तिच्या कानातून काय सुटणार! बाजू संपल्यावर तिने काळजीने विचारलं, "आई, घसा बसलाय का तुझा?"

"हो," मित्सुए तशाच आवाजात म्हणाली. "या वर्षी काही लवकर सुटायचा नाही."